समावेशाचे उदाहरण

बुधवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपूर्वी, कोशकार्यालयाच्या वरच्या मजल्यावरील संपादकांच्या खोलीत 'समावेश' हा शब्द अडला.

व्युत्पत्ती लागली होती, अर्थ बसला होता. नव्हते ते उदाहरण. प्रत्येक शब्दाला कोणाच्या तरी तोंडून सहज निघालेले व संपादकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेले वाक्यच जोडावे, रचलेले किंवा मागून घेतलेले चालणार नाही, असा दंडक संपादकांनीच घातला होता. त्यापायी त्यांनी दोन साहाय्यक गमावले होते आणि एका विद्वान मित्राशी कायमचा अबोला धरला होता. संध्याकाळी मजकूर छापखान्यात जायचा होता. उदाहरण नाही तर शब्द नाही. आणि ज्या कोशात समावेशाचाच समावेश नाही, त्याची टर उडवायला तो मित्र टपूनच बसला होता.

संपादकांनी आधी पत्नीला फोन लावला. भाचीच्या लग्नाला बोलवायच्या मंडळींत धाकट्या काकूंचे काय करायचे, असे त्यांनी मोठ्या खुबीने विचारले.

"त्यांना घ्यायलाच लागेल. नाहीतर जन्मभर ऐकवतील."

"घ्यायला म्हणजे काय करायला?"

"म्हणजे घ्यायला. तुम्हाला बरं वाटतंय ना?"

घरचा मार्ग खुंटला, तेव्हा डबा उचलून ते खाली जेवणघरात गेले. इतकी वर्षे ते आपल्या खोलीत पुस्तकाशी वाद घालत एकटेच जेवत आले होते. पण जिथे चार डबे एकत्र उघडतात, तिथे कशाचा ना कशाचा समावेश होणारच, असा त्यांचा तर्क होता.

जेवणघरात टंकलेखिकाबाई हिशेबनिसांच्या घोरण्याची नक्कल करत होत्या आणि हिशेबनीसच सर्वांत मोठ्याने हसत होते. संपादक दारात दिसताच हसणे जागच्या जागी विरले. म्हातारे मुद्रितशोधक तेवढे शांतपणे घास चावत राहिले. नोकरकपात आली, अशी हिशेबनिसांनी मनाशी खूणगाठ बांधली.

संपादकांनी बाईंच्या भाजीची चौकशी केली. बटाटा, गाजर, वाटाणे, असे उत्तर आले.

"म्हणजे या भाजीत या सगळ्यांचा..." संपादकांनी वाक्य मोहक रीतीने अर्धवट सोडले.

"रस्सा होतो," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सहलीचा विषय काढला. सगळे जातात, एवढेच कळले. हिशेबनीस भाजीला "एकदम भारी" म्हणाले, तेव्हा भारी म्हणजे वजनदार की पचायला जड, हे संपादकांनी आधी निश्चित करून घेतले. भाजी निवली, पोळ्या वाळल्या, वाद आटपेना. अखेर त्यांनी शेवटचा गळ टाकला. उद्यापासून आपणही रोज इथेच बसावे म्हणतो, असे ते म्हणाले. विचार करून सांगतो, एवढे हिशेबनीस पुटपुटले.

दुपारभर जिन्यात कुजबुज चालली. छापखान्याचा माणूस येऊन बाकावर बसला. संपादकांनी जड हाताने शब्दावर काट मारायला लेखणी टेकवली, तोच टंकलेखिकाबाई पदर सावरत आत आल्या.

"साहेब, राग मानू नका. आम्ही सगळ्यांनी विचार केला. आमच्या जेवणात आपला समावेश करता येणार नाही."

संपादकांचा चेहरा असा उजळला की बाई दोन पावले मागे सरल्या. त्यांनी वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले, बाईंचे आभार मानले, आणि मग त्यांच्यातला चिकित्सक जागा झाला.

"बाई, घरी तुम्ही हेच कसं म्हटलं असतं?"

"घरी? 'आमच्यात नको' म्हटलं असतं. पण तुमच्यासमोर तसं म्हटलं असतं, तर तुम्ही ते दुरुस्त करत बसला असता."

म्हणजे वाक्य सहज निघालेले नव्हते. दंडक मोडत होता. संपादकांनी लेखणी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. बाकावरच्या माणसाने आत डोकावून घड्याळाकडे पाहिले. शेवटी कागदपत्रे न्यायला आलेल्या मुद्रितशोधकांनाच त्यांनी निवाडा करायला सांगितले. त्यांनी ते वाक्य चष्म्यावरून एकदा वाचले आणि कागद घडी घालून बाकावरच्या माणसाच्या हाती दिला.

"भीतीनं बोलली, पण मनातलं बोलली. शब्द आत घ्या, साहेब. तुम्ही बाहेर."