बेचाळीस चौकोन

आवाज चढवणं माझ्या स्वभावात नाही, पण एवढं सांगतेच: अख्ख्या शहापूर तालुक्यात देवीस्तोत्राचे पाठभेद चार लिप्यांत टाइप करणारी बाई मी एकटीच! मराठी ओळीखाली मोडी, कानडी, तेलुगू. दोन वर्षं खपले, रोजचं पारायण सांभाळून, लॅपटॉपला हळदकुंकू लावून! नवरात्रात, शुक्रवारी, सापगावच्या देवळात कल्याणच्या शास्त्रीबुवांच्या हस्ते प्रकाशन. "बायकांचं संशोधन ते काय!" असं बुवा म्हणाल्याचं कानावर होतं. म्हटलं, दाखवतेच!

फाइल मुरबाडला संदेशच्या छापखान्यात पाठवली. सोबत त्या लिप्यांचे फाँटही पाठवायचे असतात, हे मला कुठलं ठाऊक?

दर गुरुवारी माझं मौन. बोलायचं नाही, लिहायचंही नाही. नेमका त्याच दिवशी संदेशचा फोन. उचलला, ऐकायला मनाई नव्हती!

"काकू, मराठी सोडून बाकी समदे चौकोनच दिसतात! असेच छापू का?"

मी फोनलाच जोरजोरात मान हलवली.

"काकू? बोला ना! नायतर उद्या पुस्तका मिलायची नाय!"

पण व्रत म्हणजे व्रत! शेवटी मोबाइलवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. चित्र म्हणजे काही लिहिणं नव्हे! अर्थ एवढाच, बाबा रे, थांब. त्याचा अंगठा आला. म्हटलं, थांबला.

शुक्रवारी संदेशने गठ्ठे थेट देवळात आणले. पानोपानी एक ओळ मराठी आणि खाली चौकोन, चौकोन, चौकोन! खिडक्यांच्या कारखान्याचं दरपत्रक जणू!

"अरे संदेश, हे काय रे?"

"तुमीच हात जोडलेत ना? मला वाटला, देवाचा नाव घेऊन छाप!"

शास्त्रीबुवांनी पुस्तक सुलटं धरलं, उलटं धरलं. चौकोन दोन्हीकडून सारखेच! बुवा खाकरले.

"बाईंनी बीजाक्षरं झाकून ठेवलीत. असं पांडित्य दुर्मीळ!"

टाळ्या! मी तोंड उघडणार, तोच शेजारच्या हिराबाईंनी विचारलं, "गो ताई, एका चौकोनाला फुला किती वाहायची?"

"अहो, ते चौकोन..."

"पाच!" बुवाच म्हणाले.

पहिल्या पानावर मोजून बेचाळीस चौकोन होते. दसऱ्यापर्यंत धसईपासून खर्डीपर्यंत दारोदारी तांदळाच्या पिठाचे बेचाळीस चौकोन!

दिवाळीनंतर मी फाँटसकट शुद्ध आवृत्ती काढली. चारही लिप्या कशा टपोऱ्या! पहिली प्रत हिराबाईंना दिली. त्यांनी पानं चाळली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"ही नको गो. यात चौकोनच नाय. डुप्लिकेट हाय!"

नेमका गुरुवार होता. नुसते हात जोडले.