कोंडीभाऊंची तांबडी गाडी

डबल बेल मिळाल्याशिवाय कोंडीभाऊंना कुठलीच गाडी हलवता येत नसे. एसटीत ते ठीक होतं. तिथे घंटी मारायला कंडक्टर असतो, आणि तो मीच होतो. पण ह्या माणसानं स्वतःच्या रेसच्या गाडीतही भंगारात निघालेल्या बसची घंटी बसवून घेतली होती. तिची दोरी डाव्या सीटपाशी लोंबायची. दोनदा ओढली की गाडी सुटायची, एकदा ओढली की जागच्या जागी थांबायची. आणि ही दोरी ओढायला दर गुरुवारी, म्हणजे माझ्या आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीला, मी हजर पाहिजे.

"मास्तर, उद्या आठ वाजता," एवढंच ते बुधवारी सांगायचे. याल का, जमेल का, असलं काही नाही.

कोंडीभाऊ पिंपरी पेंढारचे, मी राजुरीचा. आळेफाट्यावरून नाशिक, नगर, कल्याण अशा फेऱ्या आम्ही जोडीनं बारा-तेरा वर्षं मारल्या. एसटीवर ह्यांच्याइतका थंड ड्रायव्हर मी पाहिला नाही. सायकलवाल्यानं मागे टाकलं तरी हॉर्न देणार नाहीत. कुणी घाई केली की मान न वळवता म्हणायचे, "पावणं, पोचायचं हाय ना? मग बसा." तोच माणूस गुरुवारी टोपी खिशात कोंबायचा आणि माझे प्राण कंठाशी आणायचा.

ही गाडी त्यांना ओतूरकडच्या एका बंद बंगल्याच्या गोठ्यात सापडली. विलायती, दोन सीटची, बिनछपराची, रंगानं तांबडी, आणि आत दोन कोंबड्या अंड्यांवर बसलेल्या. घेऊन जा, तेवढीच जागा होईल, असं मालक म्हणाला. ट्रॅक्टरला बांधून ती फाट्यावर कोंडीभाऊंच्या घरी आली. कोंबड्या तिच्यातच होत्या. पिल्लं बाहेर पडेपर्यंत कोंडीभाऊंनी बॉनेट उघडलं नाही.

मग सुरू झाली दुरुस्ती. सुटे भाग मिळणं अशक्य, म्हणून वायपरची मोटर टेम्पोची, आरसे राजदूतचे, आणि सायलेन्सर बोअरच्या पाइपातून घरीच वेल्डिंग करून केलेला. तो फाट्यावर धडधडला की राजुरीत आमची म्हैस पान्हा चोरायची. बायको मला दूध देताना रिकामा पेला पुढे करायची आणि म्हणायची, "तुमच्या भाऊंना सांगा."

भाऊंच्या घरी असं बोलणारं कुणी नव्हतं. बायको केव्हाच गेलेली, दोन्ही मुलं भोसरीला कंपनीत. तीन खोल्यांपैकी दोन गाडीच्या सामानानं भरलेल्या. एकदा जेवायला थांबलो तर मला परातीत वाढलं. म्हणाले, "ताटात कार्बुरेटर हाय, राव. हलवू नका."

जवळच्या साखर कारखान्याचा हंगाम संपला की उसाच्या गाड्या थांबायचं मोठं यार्ड रिकामं पडायचं. तिथला वॉचमन भाऊंच्या नात्यातला. चार कोपऱ्यांत चार पिंपं ठेवून भाऊंनी तिथे ट्रॅक आखला होता. मी एका हातात घड्याळ धरायचो, दुसऱ्यानं दरवाजा. वळण आलं की माझ्या तोंडून "आई गं!" निघायचंच. त्यांना एक फेरी मिनिटाच्या आत मारायची होती, आयुष्यात दुसरं काही मागणं नव्हतं. घड्याळ मात्र बासष्टावर, फार तर एकसष्टावर थांबायचं.

"तुमचं वजन, मास्तर. गुरुवार धरा."

मी दत्ताचं नाव घेऊन दोन वर्षं गुरुवार धरला. तरी एकसष्ट!

मग एका वर्षी आकडे उलटेच फिरले. पासष्ट, सत्तर, पंच्याहत्तर. भाऊंनी इंजिन उतरवलं, चढवलं, पुन्हा उतरवलं. फरक नाही. त्याच सुमारास त्यांनी डेपोत अर्ज देऊन एसटीचं स्टिअरिंग सोडलं आणि गेटवर वही घेऊन बसायला लागले. पाठ दुखते म्हणाले. मला पटलं. एवढं वय झाल्यावर माणूस थकणारच, मीही थकलोच होतो. नवा ड्रायव्हर मिळाला, पण गुरुवार काही सुटला नाही.

एका गुरुवारी भर उन्हात, डोक्यावर लख्ख आभाळ, मी घड्याळात बघत असताना भाऊंनी गाडी सरळ डावीकडच्या पिंपावर घातली. लागलं कुणाला नाही. पिंप घरंगळत वॉचमनच्या खाटेपर्यंत गेलं.

"भाऊ, एवढं मोठं पिंप दिसलं नाही?"

त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "न्हाई दिसलं. काचबिंदू म्हंत्यात त्याला. बाजूचं गेलंय सगळं, समोरचं तेवढं ऱ्हायलंय. गेलेलं परत येत न्हाई, म्हणला डाक्टर."

"आणि इंजिन?"

"इंजिनाला काय धाड भरलीय? ते चांगलंच व्हतं."

म्हणजे वर्षभर हा माणूस धडधाकट इंजिन खोलत बसला होता. एसटी का सोडली तेही मला आत्ता कळलं. "तिच्यात पन्नास माणसं असत्यात, मास्तर. डाक्टरनं सांगितलं, त्याच दिशी अर्ज दिला."

मला राग आला. "आणि मी माणूस नाही?"

"तुमी व्हता म्हणून तर येत व्हतो," ते अगदी साधेपणानं म्हणाले. "वळण आलं की तुमी वरडता. तेवढ्यावर वळवत व्हतो."

मला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. भाऊ खाली उतरले, बॉनेटला हात लावत लावत फिरून माझ्या बाजूला आले. "सरका तिकडं. आता तुमी चालवा."

मी जन्मात लूनाच्या वर काही चालवलेलं नव्हतं. गाडी तीनदा बंद पाडली. चौथ्यांदा निघालो. भाऊ डोळे मिटून बसले होते आणि आवाजावरून सांगत होते, "सोडा… आता दाबा… दाबा की, राव!" एका फेरीला साडेचार मिनिटं लागली. घड्याळ कुणी पाहिलं नाही म्हणून बरं, हा माझा अंदाज.

गाडीवर ताडपत्री घालताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, फुडच्या गुरुवारी याल का?"

मी लगेच "येतो" म्हणालो. खरं सांगायचं तर आदल्याच दिवशी माझी सुट्टी गुरुवारवरून सोमवारवर गेली होती, आणि तसा अर्ज मीच केला होता, ह्या माणसापासून सुटका व्हावी म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं डेपोत गेलो आणि साहेबांच्या हातापाया पडून माझा गुरुवार परत मागून घेतला.