शटरवरचे ओठ

पार्लरच्या शटरवर ओठ रंगवून झाले आणि पेंटरच्या घरात बोलणं बंद झालं. त्याची बायको गप्प बसली, ही बातमी शेजाऱ्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. वरच्या मजल्यावरचा गळका नळ त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्या इमारतीला ऐकू आला.

गप्प बसण्यापूर्वी तिने एकच प्रश्न विचारला होता.

"कुणाचे आहेत ते?"

"कुणाचे म्हणजे? ओठ आहेत नुसते. कुणाचे नाहीत."

"बिनमालकाचे ओठ मी तरी अजून पाहिले नाहीत," ती म्हणाली आणि स्वतःचे घट्ट मिटून घेतले.

पेंटर बिचारा जन्मभर अक्षरं रंगवत आलेला. 'येथे गाडी लावू नये' ही पाटी त्याने रंगवली की लोक ती वाचायला म्हणून गाडी लावत. पण पार्लरवाल्या मॅडमना अक्षरं नको होती. त्यांना शटरभर ओठ हवे होते, आणि नमुना म्हणून त्यांनी मासिकातलं एक पान दिलं होतं. "ओठ म्हणजे माझ्या हातचा मळ," असं पेंटर सांगून बसला. मग त्याने पानावर पेन्सिलीने चौकोन आखले आणि पान उडू नये म्हणून वर थिनरचा डबा ठेवला. डबा गळका निघाला. तो उचलला तेव्हा पानावर नाक होतं, हनुवटी होती, आणि मधला माल थिनरने फस्त केला होता.

दुसरं पान मागायचं म्हणजे नाक कापून घेणं. म्हणून त्याने घरात विचारलं.

"अगं, जरा ओठ मिटून बसतेस का थोडा वेळ?"

"म्हणजे मी फार बोलते, असंच ना?"

"तसं नाही गं, कामासाठी..."

"लग्नापासून हेच म्हणायची वाट बघत होतात तुम्ही!"

तो विषय तिथेच मिटला; ओठ काही मिटले नाहीत. त्यानंतर पेंटरने काय शक्कल लढवली, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. पण शटरवर ओठ उमटले, आणि असे उमटले की रस्त्याची चालच बदलली. खालचा ओठ भरलेला, वरच्याला मधोमध नाजूक खळगा, आणि एक कोपरा असा किंचित उचललेला की हसू आलंय पण दाबून धरलंय. माणसं चालता चालता मंदावायची, मग उगाच चपलेचा अंगठा नीट करायची.

सगळ्यात जास्त घायाळ झाला तो समोरचा सलूनवाला. चाळिशी उलटली तरी बिनलग्नाचा, आणि स्वतःला तोंडांचा जाणकार समजणारा. गिऱ्हाइकाच्या गालावर फेस वाळत असायचा आणि हा हातात वस्तरा घेऊन शटरकडे बघत बोलत असायचा.

"लोक म्हणतात, माणूस डोळ्यांवर भाळतो. साफ खोटं! डोळ्यांत बघायला धीर लागतो हो. तो नसतो, म्हणून नजर खाली घसरते आणि ओठांवर येऊन थांबते. तिथेच माणूस फसतो."

"दाढी करा ना," गिऱ्हाईक म्हणायचं.

"करतो. आता हा खालचा ओठ बघा. असा ओठ असलेली बाई जन्मात कुणाला टाकून बोलणार नाही. आणि तो कोपरा? ती मनात काहीतरी लपवतेय."

रोज सकाळी मॅडम येऊन शटर वर ढकलायच्या. आधी वरचा ओठ गुंडाळला जायचा, मग खालचा. सलूनवाला तो पार दिसेनासा होईपर्यंत उभा राहायचा आणि मग एक सुस्कारा सोडून कामाला लागायचा.

मॅडमचं पार्लर जोरात चाललं. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "शटरवर आहेत ना, तसे करून द्या." मॅडमनी पेंटरला विचारलं, "खरं सांगा, कोण आहे ही?" पेंटर कानापर्यंत लाल झाला. मॅडमना जे समजायचं ते त्या समजल्या. "बरं बरं, नाव नका घेऊ. कुणालाच सांगू नका. झाकली मूठ आहे तोवर गिऱ्हाईक आहे."

मग एका संध्याकाळी सलूनवाल्याने पेंटरला गाठलंच. "पेंटर, एकदा भेट घालून द्या. मी काही मागणार नाही. लांबून बघेन."

पेंटरला सुचलं ते सगळ्यात वाईट. "ती... इथे नसते," तो म्हणाला.

हे वाक्य त्याच्या आधी घरी पोचलं. तो दारात आला तेव्हा बायको बॅगेत कपडे कोंबत होती.

"इथे नसते म्हणे! मग कुठे ठेवलीय? मी जाते बहिणीकडे. घर मोकळं करून देते तुम्हा दोघांना." तिने बॅगेची चेन ओढली, आणि पेंटर बॅगेला आडवा आला. ही खरंच निघाली होती.

"अगं, ते माझे आहेत!"

"काय तुमचे?"

"ओठ."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे मिशीकडे पाहिलं, कारण नाकाखाली बघण्यासारखं तेवढंच होतं. ती मिशी लग्नाच्या आधीपासूनची. भरघोस, वळचणीसारखी खाली आलेली. तिच्याखालून चहा आत जायचा आणि शब्द बाहेर यायचे, एवढंच बायकोला माहीत होतं.

"तुम्हाला ओठ आहेत?" तिने विचारलं.

तेव्हा पेंटरने सगळं कबूल केलं. दाढीचा आरसा त्याने पाट्यांच्या दुकानात नेला होता, आणि मिशीचे केस तेवढे हलकेच वर धरायला कपड्यांचे दोन चिमटे.

"तरीच दोरीवरचे चिमटे कमी पडत होते! दाखवा बघू."

त्याने दोन्ही हातांनी मिशी वर उचलली. सोबत ओठही वर गेला आणि सगळे दात बाहेर आले.

"हे? यांच्यासाठी माणसं रस्त्यात थांबतात?"

"हाताने ओढले की ताणतात गं!"

"मग काढा मिशी. सकाळी, माझ्यासमोर. जुळले तर राहते. नाहीतर ही बॅग आणि मी."

मिशीवर पेंटरचा जीव होता. पण घरात इतके दिवस कुणी बोलत नव्हतं, आणि मिशी काही बोलत नाही, हे त्याला पुरेपूर कळलं होतं.

सकाळी पार्लर उघडायच्या आत तो सलूनच्या खुर्चीत बसला. मागच्या बाकावर बायको, मांडीवर बॅग.

"मिशी काढायची?" सलूनवाला दचकला. "पेंटर, शुद्धीवर आहात ना?"

"काढा हो. इलाज नाही."

सलूनवाल्याने फेस लावला आणि सवयीने तोंड सुरू केलं. "बरं, ती कधी येणार इकडे? तुम्हाला म्हणून सांगतो, इतकी वर्षं लग्नाचं टाळलं ते बहुतेक याच ओठांसाठी. काल स्वप्नात आली होती. चेहरा नाही दिसला, पण ओठ तेच!"

पेंटरला ओरडून सांगायचं होतं. पण वस्तरा नेमका वरच्या ओठावर होता.

"बोला भाऊजी, बोला," बाकावरून आवाज आला. "पुढे काय झालं स्वप्नात?"

"सांगण्यासारखं नाही, वहिनी," सलूनवाला लाजून म्हणाला, आणि त्याने टॉवेलने फेस पुसला.

आरशात मागचं शटर दिसत होतं आणि पुढे पेंटरचं तोंड. सलूनवाल्याने एकदा मागचं पाहिलं, एकदा पुढचं. पेंटर ओशाळून कसनुसा हसला, आणि एक कोपरा किंचित वर गेला.

वस्तरा हवेतच राहिला. सलूनवाला हळूहळू शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. मग त्याने हात जोडले.

"पेंटर, पाया पडतो. मिशी परत वाढवा."

"खबरदार!"

बायको उठली होती. बॅग जमिनीवर पडली होती, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने जवळ येऊन नवऱ्याची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि नीट न्याहाळलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतकी वर्षं एका घरात राहून आपण हे पाहिलंच नाही, याचं तिला मनापासून वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

मग तिचं लक्ष सलूनवाल्याकडे गेलं. तो अजून बघतच होता.

"भाऊजी, तुम्ही तिकडे शटरकडे बघा," ती म्हणाली. "इकडे बघायचं काम नाही."

सलूनवाल्याने मुकाट्याने शटरकडे पाहिलं. ओठ तेच होते, तसेच भरलेले, तसेच हसू दाबून धरलेले. पण आता काही केल्या त्याला त्यांच्यावर मिशीच दिसत होती.