पोटरीवाले राऊत सर

राऊत सरांनी माझं तोंड कधी नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही. तलासरीच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि शेजारच्या घरात ते राहायला आले त्या दिवशी काउंटरखाली वाकून त्यांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं, ‘‘ताई, संध्याकाळी तुमच्या पोटऱ्या जड होतात ना?’’ माझ्या हातात पंचिंग मशीन होतं. ते मी त्यांच्या डोक्यात घातलं नाही, एवढेच माझे उपकार. बरं, पोटऱ्या जड होत होत्या हेही खरंच होतं.

हे निवृत्त विज्ञान शिक्षक, मूळचे नरपडचे. माणसं चेहऱ्यावरून ओळखायची असतात हे त्यांच्या गावीच नव्हतं. ‘‘काल तो नाही का आला होता, उजवी पोटरी फुगीर, तो?’’ असं विचारायचे. आता मी गिऱ्हाइकांच्या पोटऱ्या कधी बघत बसू? त्यांच्या मते किनाऱ्यावरची पोटरी वाळूत घडते, ती रुंद. डोंगरातली चढणीवर घडते, ती उंच आणि टणक. आणि दुकानात स्टुलावर बसून घडते ती माझी. तिच्याविषयी ते फक्त उसासा टाकायचे.

कैनाडच्या एका लग्नात तारपा वाजत होता. लोक नाच बघत होते आणि हे गृहस्थ उकिडवे बसून नाचणाऱ्यांचे पाय न्याहाळत होते. एका बाईनं नाचता नाचताच विचारलं, ‘‘मास्तर, काय हरवलाय का तुमचा?’’ सर म्हणाले, ‘‘नाही गं बाई, सापडलंय. अशी पोटरी अख्ख्या डहाणूत नाही!’’ तिच्या नवऱ्याला मी मध्ये पडून समजावलं म्हणून सर धड घरी आले.

बँकेच्या रांगेत ते ‘‘टाचा वर! टाचा खाली!’’ अशी कवायत घ्यायचे. एकदा कुणाच्या तरी दहाव्याला गेले, तर तिथं सतरंजीवर बसलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी पाय हलवायला लावलं. माणूस गेल्याच्या दुःखात कुणी काही बोललं नाही.

एक दिवस माझ्या काउंटरवर त्यांनी व्याख्यानच दिलं. समोरच्या धान्याच्या दुकानाचे रमणभाई मुलीची लग्नपत्रिका झेरॉक्स करायला आले होते. सर म्हणाले, ‘‘पोटरीत दोन स्नायू. वरचा जुळा, दोन फुगे असलेला. उडी मारतो, पळतो. त्याच्याखाली दडलेला दुसरा, आपल्या लेप माशासारखा चपटा. तो माणसाला उभं धरतो. दोघांची मिळून एक जाड दोरी होते आणि टाचेला जाऊन चिकटते. आता हृदयाचं काय? रक्त खाली ढकललं की ते मोकळं. वर कोण आणणार? पोटरी! ती आवळली की शिरेतलं रक्त वर चढतं, आणि शिरेतल्या झडपा त्याला परत खाली येऊ देत नाहीत. हे असं...’’ म्हणत त्यांनी माझी गोंदाची ट्यूब दाबली. गोंद थेट पत्रिकेवरच्या गणपतीवर. रमणभाई हात जोडून म्हणाले, ‘‘साहेब, समजलं ने मला. आता मूको, सोडा!’’

हे वेड त्यांना आधीपासूनच होतं की त्यांच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या दुखण्यानंतर लागलं, मला ठाऊक नाही. वहिनी अंगणवाडीत होत्या. सगळ्या पाड्यांवर पायी जायच्या म्हणे, आणि सर मागं धापा टाकत. मग मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण पायांतला जीवही गेला. मी त्यांना पाहिलं ते लोखंडी खाटेवरच. पोटऱ्या होत्या तिथं नुसती कातडी लोंबत होती. बघवत नसे.

रोज दुपारी सर त्यांच्या पायांना खोबरेल लावायचे, टाच तळहातात धरून पाऊल वर दाबायचे, पोटरी आवळायचे, सोडायचे. ‘‘कळतंय?’’ ‘‘हो, थोडं कळतंय.’’ एवढ्यावर त्यांचा दिवस जायचा. ‘‘अजून रक्त फिरतंय ताई, उभी राहील ती,’’ असं मला ठासून सांगायचे. मी मान हलवायचे. दुसरं काय करणार?

एकदा ते औषधं आणायला डहाणूला गेले होते, तेव्हा वहिनींपाशी मी बसले. त्या म्हणाल्या, ‘‘वैशाली, टाचणी टोचली तरी कळत नाही गं मला. पण नाही म्हटलं की हे जेवत नाहीत.’’ त्या घरातून निघताना माझा जीव नेहमी उदास व्हायचा, त्या दिवशी जरा जास्तच.

मग त्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हादरायला लागली. कधीही धक्का बसायचा. लोक अंगणात ताडपत्र्या बांधून राहू लागले. वहिनींनाही आम्ही खाटेसकट बाहेर काढलं, पण थंडीनं त्यांची छाती भरली. परत आत नेलं. ‘‘धक्का बसला की तुम्ही तरी बाहेर पळा हो,’’ त्या विनवायच्या. सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एका दुपारी झेरॉक्स मशीन थरथरायला लागलं. कागद अडकला असेल म्हणून मी झाकण उघडलं, तोवर गिऱ्हाइकं रस्त्यावर. मीही धावले, चप्पल सोडून. सगळी गल्ली बाहेर आली होती, सर सोडून. ‘‘अंदरच असतील, वहिनींकडे,’’ रमणभाई म्हणाले. सरांच्या नावानं बोटं मोडत मी आत शिरले.

फळीवरची भांडी अजून किणकिणत होती. चादरीवर चुन्याची पापडी पडली होती. सर खाटेच्या पायथ्याशी बसले होते. वहिनींची डावी पोटरी त्यांच्या दोन्ही हातांत होती, आणि त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

‘‘ताई, हलली! आत्ता, माझ्या हातात हलली!’’

‘भूकंप झाला सर’ हे माझ्या ओठांवर आलं होतं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी चादरीवरची पापडी झटकू लागले.

‘‘मीच हलवली हो,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘तुम्ही सांगता तसा जोर लावला.’’

सर हसले. मग त्यांची नजर वर गेली. वायरवरचा दिवा हेलकावे खात होता. तो थांबेपर्यंत ते बघत राहिले. हातातली पोटरी मात्र त्यांनी सोडली नाही.

‘‘शाब्बास,’’ ते म्हणाले. ‘‘उद्या उजवी हलवायची हं, सुमन.’’

‘‘बघते,’’ वहिनी म्हणाल्या.