दाऊदभाईंचं फाटक

वाळूचं वादळ सुटलं होतं. कानात, नाकात, नको तिथं वाळू गेलेली. जीव मुठीत धरून मी दाऊदभाईंच्या खोलीकडे धावलो, तर आतून आरोळी आली, "सावंत, फाटकातून!"

मुकाट्यानं मागे फिरलो, चाचपडत फाटक शोधलं, आत आलो, वळून कडी घातली. आता ऐका: त्या फाटकाच्या दोन्ही अंगांना भिंत नव्हती. कुंपण नाही, साधी दोरी नाही. नुसती मोकळी वाळू!

दाऊदभाई राजापूरकडचे, कुवेतला तेल कंपनीत वेल्डर. त्यांच्या गोऱ्या साहेबाच्या टेबलावर विलायतेतल्या वडिलोपार्जित वाड्याचा फोटो होता. दोन पुरुष उंच जुनी दगडी भिंत आणि तिच्यात वेलबुट्टीचं लोखंडी फाटक. दाऊदभाईंनी भंगारातल्या पाइपांचं तस्संच फाटक केलं, टोकांना सोनेरी बोंडं बसवली आणि मिरकाब वस्तीच्या टोकाला आपल्या खोलीपुढे उभं केलं.

"आणि भिंत?" मी विचारलं.

"विलायतेत आधी फाटकच करतात."

हे यांना कोणी सांगितलं, देव जाणे!

फाटक चुकवलं की चहा बंद. एकदा साहेब स्वतः आला, हॅट काढून फाटकातून शिरला, कडीही घातली. "बघ, खानदानी माणसाला रीत कळते!" हे मी महिनाभर ऐकलं. साहेब आत बसला असतानाच बाजूनं बकरी येऊन त्याची बिस्किटं खाऊन गेली, ते मात्र कुणाला सांगायचं नाही.

मग गावाकडून खबर आली, धाकटा भाऊ हुसेन नोकरीला येतोय. वाटणीच्या वेळी दाऊदभाईंनीच अंगणातला दगडी गडगा, म्हणजे हद्दीची भिंत, हातभर हुसेनच्या बाजूला सरकवून घातला होता. तेव्हापासून नऊ वर्षं अबोला.

"सावंत, बोटीवरून उतरून दुसऱ्याच कुणाकडे गेला तर?" कडीला तिसऱ्यांदा तेल घालत त्यांनी विचारलं. मला भारी वाईट वाटलं.

शुक्रवारी हुसेन आला. फाटकासमोर थांबला, वरखाली बघितलं, आणि सरळ बकरीच्या वाटेनं येऊन ट्रंक खाली ठेवली. मेला आता, म्हटलं!

दाऊदभाई ओरडलेच नाहीत.

"भाई, गडगा कुठाय?" हुसेननं विचारलं.

"घातला नाय. एक घातला तो जन्माला पुरला, बाबा." आणि दाऊदभाईंनी त्याला घट्ट मिठी मारली.

माझे डोळे भरून आले. दोघांना बसू दे म्हणून मी हळूच बाजूनं सटकलो.

"सावंत," मागून रडका आवाज आला, "फाटकातून!"