आमच्या घरचा गोचीड

गोचीड, पिसवा, ढेकूण, झुरळं... यांच्याबद्दल मला कोणी काही शिकवू नये! बारा वर्षं कीटकनियंत्रणाच्या कंपनीत आहे मी. आता खरं सांगायचं तर फवारणीचा पंप अजून हातात धरलेला नाही, मी फोनवर असतो. पण गिऱ्हाइकांना सल्ला असा देतो, की तो ऐकूनच किड्यांनी घर सोडावं!

तर त्या गुरुवारी सकाळी बायको किंचाळली, "अहो, इकडे या! हे काय आहे?"

माझ्या उशीवर एक करडा, टम्म फुगलेला दाणा होता. दाण्याला पाय होते आणि तो चालत होता.

"गोचीड आहे," मी शांतपणे म्हणालो. "घाबरू नकोस, मी आहे ना!"

"तुम्ही आहात म्हणूनच घाबरते! रविवारी लेक येतेय, दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन. हा चावला आणि ताप भरला तर? रविवारपर्यंत घर स्वच्छ झालं तर ठीक, नाहीतर गुंड्या जाईल तुमच्या भावाकडे. कायमचा!"

गुंड्या म्हणजे आमचा कुत्रा. वय वर्षं नऊ. स्वतःचं नाव ऐकून बिचाऱ्यानं शेपटी हलवली. याला कसा जाऊ देऊ? अहो, मी बोलायला लागल्यावर उठून न जाणारा या घरात तेवढा एकच आहे!

"रविवार कशाला? संध्याकाळपर्यंत निकाल लावतो!" मी छाती ठोकून सांगितलं आणि ऑफिसला सुट्टी टाकली.

पहिल्याच झटक्यात तो गोचीड नखाखाली चिरडला. बोट लाल झालं, तेव्हा आठवलं. 'गोचीड चिरडू नका, संसर्ग होतो,' असं मीच रोज पंचवीस जणांना बजावतो! तीनदा साबणानं हात धुतला. पुढे काय करायचं ते मात्र आठवेना. कसं आठवणार? सगळं लिहिलेला कागद ऑफिसात टेबलावर चिकटवलेला!

शेवटी आवाज घोगरा करून कंपनीतच फोन लावला. "आमच्या घरी गोचीड झालेत हो."

पलीकडे नवी मुलगी होती, मीच तयार केलेली. "घाबरू नका काका. झुरळांचं औषध कुत्र्यावर मारू नका, त्याचा जीव जाईल. चादरी गरम पाण्यात धुवा. फटी, कोपरे झाडून घ्या." माझीच वाक्यं, माझ्याच सुरात! मग ती हळूच म्हणाली, "सर, तुमचा नंबर दिसतोय. गाडी पाठवते!"

"नको! गाडी नको!" पण फोन ठेवलासुद्धा तिनं.

अर्ध्या तासात गाडी दारात. टपावर माणसाएवढं प्लास्टिकचं झुरळ! अख्खी इमारत जिन्यात जमली.

"तुमच्याकडे गोचीड?" खालच्या काकू ओरडल्या. "अगं बाई, आमची मांजर तुमच्या गॅलरीत येते!"

"तरीच मला कालपासून खाजतंय!" वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले. पाच मिनिटांत सगळा जिना कराकरा खाजवत होता.

"त्या कुत्र्याला आजच हलवा!" कोणीतरी फर्मान सोडलं. बायकोनं गुंड्याचा पट्टा घट्ट धरला होता आणि तिचे डोळे भरले होते.

आमच्या कंपनीचे सगळ्यात जुने फवारणीवाले, ज्यांना सगळे वस्ताद म्हणतात, ते गुडघे टेकून बसले. कान, बगला, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली, सगळं बघितलं. "वहिनी, एकसुद्धा नाही. औषध घालता वाटतं?"

"दर महिन्याला. प्राण्यांच्या डॉक्टरांनी दिलेले थेंब, मानेवर. एक महिना चुकलेला नाही."

"मग गोचीड आला कुठून?" मी दरडावून विचारलं.

वस्तादांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "साहेब, दुपारी जेवल्यावर कुठे पडता?"

आता हे सगळ्यांसमोर विचारायचं असतं का? "गोदामात," मी पुटपुटलो. "जुन्या सतरंज्यांवर."

"अहो, त्या कुत्र्यांच्या पाळणाघरातून जाळायला आणल्यात! मी पाटी लावली होती, 'हात लावू नये' म्हणून!"

पाटी होती खरी. पुठ्ठ्याची होती, डोक्याखाली छान बसायची.

"हलू नका," म्हणत वस्तादांनी माझी मान वळवली, चिमटा लावला आणि कानामागून सरळ ओढून काढला. टपोरा! जिन्यातले सगळेजण दोन पायऱ्या मागे सरकले.

घर फवारलं, चादरी उकळल्या. डॉक्टरांनी मला पंधरा दिवस तापावर लक्ष ठेवायला सांगितलं. हा ताप एकाचा दुसऱ्याला होत नाही, असंही ते म्हणाले. "डॉक्टरांना तुम्ही माहीत नाही," बायको म्हणाली, आणि माझं अंथरूण गॅलरीत गेलं.

रविवारी लेक आली. मी काचेतून नात बघितली. गोड हो! तिच्या गादीशेजारी गुंड्या ऐटीत बसला होता. मी काचेवर टकटक केलं. तो उठला, नात आणि माझ्यामध्ये येऊन उभा राहिला, आणि परक्या माणसावर भुंकावं तसा माझ्यावर भुंकला!