वाघमारे साहेबांना मान्य नाही

कॉम्प्युटरवर नवीन काही बसवायला घेतलं, की मधेच एक लांबलचक मजकूर उगवतो. बारीक अक्षर, वकिली इंग्रजी, आणि खाली दोन बटणं. मान्य आहे आणि मान्य नाही. तुम्ही-आम्ही काय करतो? डोळे मिटून 'मान्य आहे' दाबतो आणि पुढे जातो. तो मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. आमच्या वरच्या मजल्यावरचे वाघमारे साहेब. ते नुसतं वाचून थांबत नसत. त्याचा प्रिंट काढत, लाल पेन्सिलीनं समासात खुणा करत आणि मग शांतपणे 'मान्य नाही' दाबत.

मान्य नाही म्हटलं की तो प्रोग्राम बसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"न बसू दे की," ते म्हणत. "त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं."

उत्तमराव वाघमारे मूळचे नांदेडकडचे. वडिलांच्या पिढीत घर हैदराबादला आलं, आणि हे शिकून सरकारी ऑडिटमध्ये लागले. ऑडिटवाल्यांना दुसऱ्याच्या कारभारात काही वावगं दिसलं की ते त्यावर मुद्देसूद आक्षेप लिहितात. त्याला ते 'पॅरा काढणं' म्हणतात. वाघमारे साहेब ऑफिसात पॅरा काढत, तिथं कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पंचाईत ही होती, की संध्याकाळी घरी आल्यावरही ते काढतच असत. न मागता चॅनेलं वाढवली म्हणून केबलवाल्यावर पॅरा. आमच्या चिक्कडपल्लीच्या बाजारात तर एका मिक्सरवाल्याला त्यांनी गॅरंटी कार्डाच्या मागची बाजू मोठ्यानं वाचून दाखवली होती. तो बिचारा शेवटी म्हणाला, "साब, बीस साल से बेच रहूँ, ये पीछे का मैं बी आजइच सुना."

त्यांचा जन्मच जणू त्या वर्षांसाठी झाला होता. नव्वदनंतर बाजार उघडला. फोनसाठी वर्षानुवर्षं रांगेत असलेल्या माणसांच्या घरी फोन आले, मग मोबाइल, इंटरनेट, कॉम्प्युटर. आम्ही हरखून गेलो होतो. वाघमाऱ्यांना मात्र प्रत्येक खोक्यात वस्तूच्या आधी कागद दिसायचा.

"जाधव," ते मला म्हणाले होते, "पूर्वी वस्तू मिळत नव्हती. आता मिळते, पण आपली होत नाही. मी पैसे मोजले, वस्तू माझ्या टेबलावर बसली. आणि वर चिकटपट्टी, उघडाल तर गॅरंटी रद्द! मग घेतली ती काय, पूजेला?"

त्या वेळी मी हसलो होतो. आता माझ्या खिशातल्या मोबाइलची बॅटरीसुद्धा मला काढता येत नाही, तेव्हा त्यांचं म्हणणं आठवतं आणि तितकंसं हसू येत नाही.

कॉम्प्युटरमधल्या सर्वांत मोठ्या कंपनीचं नाव ते कधी घेत नसत. 'समोरची पार्टी' म्हणत. या समोरच्या पार्टीशी त्यांचा उभा दावा चाललेला असतानाच त्यांना लिनक्स भेटलं, त्या पार्टीच्या प्रणालीऐवजी कॉम्प्युटरवर चालणारी दुसरी, फुकटची प्रणाली. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकायला बसतात. तिथं एका इंग्रजी मासिकाबरोबर फुकट सीडी होती. मासिक बाजूला ठेवून साहेब त्या सीडीचा करारनामा वाचत बसले. दोन दिवसांनी माझ्या दारात उभे. चेहरा मुलगा बोर्डात आल्यासारखा.

"जाधव, हे लोक म्हणायलेत, घ्या, उघडून बघा, बदला, शेजाऱ्याला द्या. अट एकच. तुम्ही ज्याला द्याल, त्यालाही हीच मोकळीक द्यायची. दोन दिवस झाले शोधायलो. पॅरा निघत नाही!"

शेजारी मीच असल्यामुळे पहिला बळी माझा गेला. माझ्या कॉम्प्युटरवर त्यांनी मोठ्या प्रेमानं लिनक्स बसवलं. दुसऱ्या दिवसापासून आमचा प्रिंटर नुसती प्रश्नचिन्हं छापू लागला. मुलांच्या शाळेचा प्रोजेक्ट प्रश्नचिन्हांत निघाला, तेव्हा माझी बायको मंगल वर जाऊन म्हणाली, "भाऊजी, आमच्या प्रिंटरचं काय?"

"होईल वहिनी. कुणीतरी लिहायलंय."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. जगाच्या पाठीवर कुठंतरी, कुणीतरी, पगार न घेता, आमच्या प्रिंटरसाठी प्रोग्राम लिहीत बसलंय, यावर त्यांची अढळ श्रद्धा होती. त्याहून नवल म्हणजे पाच महिन्यांनी तो कुणीतरी निघाला आणि प्रिंटर चालू झाला. साहेबांनी पेढे वाटले. तोवर मुलांची परीक्षा होऊन गेली होती, ती गोष्ट वेगळी.

माणूस गमतीचा होता यात शंका नाही. पण घरात रोज असला माणूस असणं ही काही रोज गंमत नसते, आणि हे मला प्रज्ञाकडे बघून कळलं.

प्रज्ञा त्यांची एकुलती एक मुलगी. हुशार, बापासारखीच ताठ. कॉलेज संपताच तिला शहराबाहेरच्या नव्या काचेच्या इमारतींमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. तिनं हौसेनं नेमणुकीचे कागद आणून वडिलांच्या हातात दिले. त्यांनी ते वाचले. लाल पेन्सिलीनं वाचले. नोकरी इतकी वर्षं सोडायची नाही, सोडली तर भरपाई, घरी बसून सुचलेली कल्पनाही कंपनीची. मुद्दे बरोबरच होते, आजही मी तेच म्हणेन. पण साहेब एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कंपनीला परस्पर पत्र धाडलं, मुद्देसूद, क्रमांक घालून. कंपनीत ते हातोहात फिरलं. प्रज्ञा पहिल्या दिवशी कामावर गेली, तेव्हा लोक तिला 'पॅरावाल्यांची मुलगी' म्हणून ओळखत होते.

त्या संध्याकाळचं बोलणं जिन्यात ऐकू आलं.

"पप्पा, इथून पुढं मी तुम्हाला काहीच विचारणार नाही. विचारलं की तुम्ही पॅरा काढता."

ती शब्दाची पक्की निघाली. लग्न ठरवलं ते तिनं स्वतः, आणि घरी कळवलं. साहेब लग्नात नवा कोट घालून उभे होते, सगळ्यांना हात जोडत होते. मुलगी-जावई अमेरिकेला गेले. फोन यायचा तो आईसाठी. साहेब उचलायचे, "कशी आहेस?" विचारायचे, तिकडून "बरी आहे, मम्मीला द्या" यायचं, आणि ते रिसीव्हर वाघमारे वहिनींकडे द्यायचे. तीन वर्षं असंच चाललं. याबद्दल ते कुणापाशी बोलले नाहीत. त्या काळात त्यांचे कंपन्यांवरचे पॅरे मात्र फार वाढले.

मग प्रज्ञाला दिवस गेले आणि वाघमारे वहिनी बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या. साहेब एकटे राहिले. मंगल रात्रीचा डबा पाठवायची. सकाळी तो घासूनपुसून परत यायचा, आणि आत एखादं केळं नाहीतर पेरू. रिकामा डबा परत द्यायचा नाही, एवढा वहिनींचा नियम त्यांनी पॅरा न काढता पाळला.

नात झाली. फोटो आले. साहेबांनी ते मला तीनदा दाखवले आणि तिन्ही वेळा म्हणाले, "कपाळ आमच्याकडचं आहे." मग ते कॅमेरा घेऊन आले. कॉम्प्युटरला लावायचा आणि एकमेकांना बघत बोलायचं. खोक्यावर अर्थातच लिहिलं होतं, की हा फक्त समोरच्या पार्टीच्या प्रणालीवर चालेल. साहेबांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. मी समोर बसलो होतो.

"अम्मा, मेरेकू इत्ताच बताओ, कैमरे के अंदर चिप कौनसी है?"

"सर, आप एक बार रिस्टार्ट कर लीजिए।"

"रिस्टार्ट नक्को. चिप बोलो."

"सर, वो जानकारी हमारे पास नहीं है।"

"फिर किसके पास है?"

"सर, और कोई सेवा?"

शेवटी त्यांनी चिकटपट्टी फाडून कॅमेरा उघडला, भिंगातून चिपचा नंबर वाचला, आणि परदेशातल्या कुणा मुलाला ई-मेल केली. तो खरोखरच लिहीत होता. त्याचा अर्धामुर्धा प्रोग्राम आला. साहेबांनी मला वर बोलावलं. पडद्यावर हिरवा गोळा आणि त्याला खाली डोकं, वर पाय.

"बघा, माणूस दिसायलाय!"

"कोण माणूस?"

"मी," ते म्हणाले. "चार-सहा महिन्यांत सरळ होतो बघा."

तेवढा वेळ नव्हता. पुढच्याच शुक्रवारी वहिनींचा फोन आला. नातीचं नाव ठेवायचं होतं, आणि रविवारी आपल्याकडच्या सकाळी प्रज्ञा बोलणार होती. त्या मेसेंजरवर, म्हणजे समोरच्या पार्टीच्याच प्रोग्रामवर, समोरासमोर. "तुमच्याशी बोलायचं म्हणायली," वहिनी म्हणाल्या. "माझ्याशी नाही. तुमच्याशी."

साहेबांनी हे मला सांगितलं आणि लगेच म्हणाले, "तो प्रोग्राम माझ्या घरात येणार नाही." शनिवारी दिवसभर वरच्या मजल्यावर त्यांच्या चालण्याचा आवाज येत होता.

रविवारी सकाळी दारात उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल.

"जाधव, स्कूटर काढता का? दिलसुखनगरला जाऊन येऊ."

"दिलसुखनगरला कशाला? इथं कोपऱ्यावर आहे की इंटरनेट कॅफे."

"इथल्याला मी बरंच काही बोललेलो आहे," ते खाली बघत म्हणाले.

दिलसुखनगरचा तो कॅफे कोचिंग क्लासच्या खाली होता. प्लायवुडचे कप्पे, वर गरगरता पंखा. मालक खाजाभाईंनी आम्हाला कॅमेरा असलेल्या कप्प्यात बसवलं. मेसेंजर उघडला आणि मधेच तो मजकूर आला. नवीन आवृत्ती, नव्या अटी. खाजाभाई सवयीनं बटण दाबायला वाकले. साहेबांनी त्यांचा हात धरला.

"ठैरो. पढ़ता मैं."

"साब, ये कौन पढ़ता? बारा साल के बच्चे से लेके वकील तक, सब दबा देतें."

"मैं पढ़ता."

आणि ते वाचू लागले. मी घड्याळाकडे बघत होतो. ठरलेली वेळ होऊन गेली होती. तिकडे रात्र चढत होती, तान्हं मूल किती वेळ जागं राहणार? मला त्यांचा राग आला. मुलगी तीन वर्षांनी बोलायला बसली आहे आणि हा माणूस कलमं वाचतोय! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना अक्षर दिसत नाही. मग अंदाजानं हात पुढे नेऊन विचारलं, "जाधव, बटण इथंच आहे ना?"

"हो."

त्यांनी दाबलं.

चष्मा परत चढवेपर्यंत पडद्यावर प्रज्ञा आली होती. तुटक तुटक, थांबत थांबत, पण सरळ आणि माणसाच्या रंगाची. मांडीवर दुपट्यातली नात, मागे वहिनी. प्रज्ञाचे ओठ हलत होते. हेडफोनमध्ये काही नव्हतं. साहेबांनी तो काढून माझ्या कानाला लावला. नुसती खरखर.

"आवाज का लफड़ा है," खाजाभाई म्हणाले. "बंद करके चालू करतूँ साब, दो मिनट."

"नक्को!" साहेब एवढ्या जोरात ओरडले, की शेजारच्या कप्प्यातून डोकी वर आली. "हात नक्को लगाओ. परत नाही आली तर? राहू द्या असंच."

बिघाड दिसला की ज्यांचा हात आपसूक स्क्रू-ड्रायव्हरकडे जायचा, ते वाघमारे साहेब दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसून राहिले. प्रज्ञा बोलत होती. बराच वेळ बोलली. मधे एकदा डोळे पुसले, मग हसली. साहेबांचं तिला ऐकू जात असावं, कारण यांनी "कपाळ आमचं आहे" म्हटल्यावर वहिनी मागून हात नाचवायला लागल्या. मग प्रज्ञा गंभीर झाली. बाळाकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, काहीतरी म्हणाली आणि भुवया उंचावून थांबली.

"हौ," साहेब म्हणाले. "हौ, बेटा."

ती पुन्हा काहीतरी म्हणाली, आणि पुन्हा थांबली.

"हौ. मान्य आहे. चांगलं आहे."

मग चित्र गोठलं आणि लाइन गेली. साहेब तरीही तसेच बसून होते.

बाहेर ऊन तापलं होतं. कोचिंगची पोरं घोळक्यानं जिना उतरत होती. स्कूटरला किक मारता मारता मी विचारलं, "साहेब, काय विचारत होती ती?"

"माहीत नाही."

"मग हो कशाला म्हणालात? काहीही विचारलं असेल."

साहेब मागे बसले. माझ्या खांद्यावर त्यांचा हात टेकला.

"काय का असेना जाधव," ते म्हणाले. "मला विचारत होती ना."